काचबिंदू: आप्पांना आधी थेंब की थेट ऑपरेशन?

केळीवाला, रावेर: वडलांना (वय ६८) दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डावा बराच पुढे गेलाय, डोळ्यातला दाब २८. जळगावचे डॉक्टर डाव्याचं ऑपरेशन करा म्हणतात. आप्पा म्हणतात, चिरफाड नको, थेंबच टाकू. पण माणूस दिवसभर मळ्यात अन् बाटली घरी फ्रिजवर, टाकणार कधी?

सिस्टर, चोपडा: भाऊ, गेलेली नजर दोन्हींनी परत येत नाही, उरलेली राखायची असते. मोतीबिंदूसारखं ‘पट्टी काढली की लख्ख’ हे आप्पांच्या डोक्यातून आधी काढा. आजार लवकर सापडला तर थेंबांनी किंवा लेझरने सुरुवात करतात. पुढे गेलेल्या काचबिंदूत ब्रिटनमध्ये ४५३ जणांवर तुलना झाली, २०२१ ला छापून आली. दोन वर्षांनी रोजच्या जगण्यात फरक दिसला नाही, पण दाब ऑपरेशनवाल्यांचा सरासरी १२.४, थेंबवाल्यांचा १५.१. म्हणजे ऑपरेशनने दाब जास्त उतरतो, डॉक्टर उगाच सांगत नाहीयेत. आप्पांना दमा आहे का? असेल तर टिमोलॉलचे थेंब चालत नाहीत.

धुळेकर: आईचं झालंय. ऑपरेशन अर्ध्या दुपारचं, खरी दगदग नंतरची. सारखं दाखवायला जा, टाका सैल करून घ्या, धूळ नको, वाकणं नको. केळी कापणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

केळीवाला, रावेर: दमा आहे ना ताई! चिठ्ठीत टिमोलॉलच आहे. उद्या आधी फोन करतो.

सिस्टर, चोपडा: उद्या नको, आत्ताच करा. उजव्यासाठी लेझर चालेल का, तेही विचारा.