कार्यालयातील नोकरी सोडून महिला आश्रयगृहात काम करावे का?

प्रश्न : बेळगावात ११ वर्षे एका कार्यालयात हिशेब सांभाळल्यानंतर, पीडित महिलांच्या आश्रयगृहात पूर्णवेळ काम करावे असे मनाने घेतले आहे. पगार निम्म्यावर येईल, हे घरी सांगितले आहे. कोणती तयारी करावी?

उत्तर : ताई, आधी कन्नड लिहायला-वाचायला शिका. खानापूर, निपाणीकडची बाई आपली हकीकत मराठीत सांगते, पण पोलीस ठाण्यात ती बहुधा कन्नडमध्ये उतरते; सहीपूर्वी तो कागद तिला तिच्या भाषेत वाचून दाखवणारे माणूस सोबत हवे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील कलम १२ चा अर्ज, म्हणजे पीडित बाईने दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागण्याचा अर्ज, तोही समजून घ्या. अर्ज मिळाल्यावर पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत ठेवावी असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि तो सगळा काळ ती तुमच्याजवळ काढते.

उत्तर : मी हे काम ६ वर्षे करते आहे. रात्री दोनला आलेल्या एकीच्या मुठीत मुलाचा शाळेचा दाखला होता, पायात चप्पल नव्हती. अशा वेळी आधी चहा आणि अंथरूण द्यावे, प्रश्न सकाळी विचारावेत. ती पुन्हा नवऱ्याकडे गेली तरी कृपया रागावू नका. पुढच्या वेळी तिला याच दाराशी यावेसे वाटले पाहिजे.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. कन्नडचा वर्ग सोमवारपासून लावते.