रॉबी कीनला कमी लेखू नका

आयर्लंडचा फुटबॉलपटू रॉबी कीन सतत क्लब बदलत राहिला म्हणून तो मोठा खेळाडू नाही, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. इटलीच्या इंटर मिलान आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल या क्लबांमध्ये त्याचं बस्तान बसलं नाही, मान्य. पण आयर्लंडसाठी १४६ सामन्यांत ६८ गोल? २००२च्या विश्वचषकातला जर्मनीविरुद्धचा गोल आठवा. भरपाई वेळ सुरू होती, सहकारी नायल क्विनने उंच चेंडू डोक्याने पुढे ढकलला आणि कीनने धावत येऊन तो जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानच्या जाळ्यात मारला. अंतिम सामन्यापर्यंत जर्मनीने खाल्लेला तो एकमेव गोल! पुढे अमेरिकेतल्या एलए गॅलेक्सी क्लबसोबत तीन एमएलएस कप (तिथल्या मेजर लीग सॉकरचं विजेतेपद) जिंकले. २०१७ मध्ये तर तो आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग), कोलकात्याच्या एटीके क्लबकडून खेळला.