"समाज आधी, व्यक्ती नंतर" म्हणे!

तिरकस_रेघ
काल २६ नोव्हेंबर, संविधान दिन, त्यामुळे सकाळपासून प्रस्तावनेचे फोटो. तिथपर्यंत ठीक. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एका जुन्या मित्राने एक लांबलचक पोस्ट टाकली. सार असं की घटनेने हक्क देऊन देऊन माणसं लाडावली, व्यक्तिस्वातंत्र्य हे साहेबाचं खूळ, आपल्याकडे कुटुंब आधी, मग गाव, मग समाज आणि उरलंच तर माणूस, आणि घटनाकारांनाही म्हणे कर्तव्यंच अभिप्रेत होती. खाली ४३ अंगठे. तिथे गप्प बसलो कारण पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे आणि मला जेवायला जायचंय, पण कुठेतरी लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

घटनाकारांना अभिप्रेत असलेली कर्तव्यं मूळ घटनेत नव्हतीच हो! कलम ५१क आलं १९७६ साली, ४२ व्या दुरुस्तीने. आणीबाणी चालू, विरोधक तुरुंगात, पेपरांवर सेन्सॉर, आणि सरकार लोकांना त्यांची १० कर्तव्यं शिकवतंय. (अकरावं २००२ साली आलं, पोरांना शिकवायचं.) आणि गावाचं म्हणाल तर ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला तेव्हा नेमकी हीच तक्रार होती, की यात आपलं खेडं कुठाय. त्यांनी खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं अशा अर्थाचं सुनावलं आणि मसुद्याने खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे असं स्वच्छ सांगितलं. सभागृहात बरेच जण चिडले, नंतर ग्रामपंचायतींचं कलम ४० घातलं, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. प्रस्तावनेतसुद्धा "व्यक्तीची प्रतिष्ठा" आधी आहे, राष्ट्राची एकता नंतर. फोटो टाकणाऱ्या ४३ जणांपैकी कुणी वाचलाय का तो फोटो?

पेन्शनर_नाना
वाचलाय. शाळेत पाठ केलाय. आपण त्याच प्रस्तावनेतला "बंधुता" हा शब्द सोयीस्कर गाळलात. स्वातंत्र्य, समता, बंधुता असं तिन्ही एकत्र आहे, सुटं सुटं नाही, आणि हे सुद्धा बाबासाहेबच म्हणाले होते २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात. प्रत्येकाने "माझा हक्क माझा हक्क" केलं तर बंधुता कुठून येणार? मी १४ वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, माणसाला पूर्ण मोकळं सोडलं की काय होतं ते मी रोज पाहतो. पाचव्या मजल्यावरून रात्री दोनला बाटली खाली येते.

बॅचलर_३०३
आलेच का सेक्रेटरी. मला वाटलंच होतं.

काळा_कोट
रेघ, भाषण छान आहे पण अर्धंच सांगितलंत. व्यक्ती घटक धरली आणि लगेच तिच्या गळ्यात पट्टा पण बांधला. संविधान सभेतच कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी म्हणाले होते की हे हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखे वाटतात. कलम २२ बघा, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात प्रतिबंधात्मक अटकेची सोय! हक्कांच्या यादीतच आम्ही तुम्हाला खटल्याशिवाय आत ठेवू शकतो असं लिहिलेलं. घटना लागू झाल्यावर महिन्याभरात त्याचा कायदाही आला. आणि १९५० साली सुप्रीम कोर्टाने रोमेश थापर केसमध्ये मद्रास सरकारची 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावरची बंदी उडवली तर पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणं भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालणाऱ्या कलम १९(२) मध्ये घुसली. तेव्हा कायदामंत्री कोण होते ते मी सांगायला नको, आणि त्यांनी दुरुस्तीची बाजूच घेतली होती. स्वातंत्र्य कागदावर मोठं आणि कंसात बारीक, हे पहिल्या दिवसापासून आहे, १९७६ पासून नाही.

तिरकस_रेघ
मान्य. पण त्याच दुरुस्तीने निर्बंधांच्या आधी "वाजवी" हा शब्दही १९(२) मध्ये आला, तो का विसरता? त्या एका शब्दावर कोर्टाने कितीतरी गोष्टी उडवल्यात. २०१२ साली मुंबई बंदवर फेसबुकवर एकीने दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने लाइक केल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यातूनच पुढे केस गेली आणि २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ रद्द.

काळा_कोट
हो, दोन वर्षांनंतर. अटक लगेच झाली होती.

शुक्रवार_पेठ
कायदेशीर बोलणं चालू द्या, मला फक्त घरचं माहितीय. माझे वडील आणीबाणीत मिसाखाली (विनाखटला अटकेचा कायदा) १४ महिने येरवड्यात होते. आरोप काय हे सुटेपर्यंत कळलं नाही. आई भेटायला गेली की अर्धा दिवस बाहेर उन्हात. त्यात एप्रिल ७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आणीबाणीत जगण्याचा हक्कच मागता येणार नाही, ९ हायकोर्टं उलट म्हणत असताना. पाचातल्या एकट्या न्या. खन्नांनी विरोधात लिहिलं आणि त्यांचं होऊ घातलेलं सरन्यायाधीशपद गेलं. बहुमतात आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, ते चुकलं असं २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने निकालात लिहिलं. ४१ वर्षं. वडील तोपर्यंत नव्हते. तेव्हा "आधी समाज, मग व्यक्ती" हे ज्याला आवडतं त्याने एकदा येरवड्याच्या भिंतीला पाठ लावून बसून बघावं.

पेन्शनर_नाना
आपल्या वडिलांबद्दल आदर आहे. पण ती सरकारची दंडेली होती, समाजाची नाही. मी समाजाबद्दल बोलतोय. सरकार आणि समाज यांची गल्लत नको.

बॅचलर_३०३
बरं मग समाजाचंच बोलू. मी ३१ वर्षांचा, पगार चांगला, पुण्यात गेल्या दोन वर्षांत ११ फ्लॅट बघितले. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा "नॉनव्हेज करता का". तिसरा "मैत्रिणी येतात का". एका ठिकाणी ब्रोकरने फोनवर मालकाला सांगितलं की मुलगा चांगला आहे हो, आडनाव जरा तसं आहे. जरा तसं म्हणजे कसं?? सरकारने माझं काही बिघडवलेलं नाही, माझं स्वातंत्र्य अडवणारे सगळे बनियनवर गॅलरीत उभे असतात.

पेन्शनर_नाना
मी बनियनवर उभा राहत नाही. आणि आम्ही भाडेकरूची माहिती घेतो ती पोलीस व्हेरिफिकेशनसाठी. चार पोरं राहतात, भाडं मालक खातो, पाणी आमचं जातं.

काळा_कोट
नाना, सोसायटीच्या उपविधीत सभासदाने भाडेकरू ठेवताना नुसती पूर्वसूचना म्हटलंय, कमिटीची परवानगी नाही. आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. तुमच्याकडे किती घेता?

पेन्शनर_नाना
तो विषय इथे नाही.

बॅचलर_३०३
हाहाहा

मिरजेचा_तंबोरा
१० टक्के?? आमच्याकडे सरसकट २००० घेतात, कशाच्या १० टक्के हे विचारलं तर म्हणे एजीएममध्ये (वार्षिक सभेत) ठरलंय. ही तक्रार कुठे करायची? उपनिबंधकांकडे का? आणि थकबाकी म्हणून लावलेली रक्कम परत मिळते का?

काळा_कोट
उपनिबंधक, सहकारी संस्था. लेखी द्या, पोच घ्या. पण नाना खूष होतील असंही एक सांगतो. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये २००५ ला सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की सोसायटी सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू शकते, कारण संघटना करण्याचं स्वातंत्र्य. म्हणजे बॅचलरचं आडनाव सोसायटीच्या स्वातंत्र्यात बुडालं. मूलभूत हक्क बहुतेक सरकारविरुद्ध चालतात, शेजाऱ्याविरुद्ध नाही. अस्पृश्यतेचं १७ आणि दुकानं, हॉटेलं, विहिरींचं १५(२) ही मोठी अपवादं.

पेन्शनर_नाना
बघा! मी हेच म्हणत होतो. समूहालाही हक्क असतो.

तिरकस_रेघ
नाना, खूष होण्याआधी तो "समाज" कोण ते ठरवा. तुम्ही, खजिनदार आणि तुमचे साडू मिळून समाज होतो का?

पेन्शनर_नाना
वैयक्तिक जाऊ नका. माझे साडू ठाण्याला राहतात.

शिमगा_पौर्णिमा
मी सहसा लिहीत नाही. आमचं गाव रायगडात. २००९ ला वडील ग्रामपंचायतीला उभे राहिले, गावकीने ठरवलेल्या माणसाच्या विरोधात. पडले. दुसऱ्या दिवशी बैठक बसली आणि आम्ही वाळीत. आमच्याशी बोलेल त्याला ५०१ रुपये दंड. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला भात कांडून देईना, मी नववीत, वर्गातली पोरं बाक बदलून बसायची, त्यांना घरून सांगितलेलं. आजी गेली तेव्हा खांद्याला माणसं शेजारच्या गावातून मामाने आणली. शिमग्याला पालखी घरोघर नाचते ती आमच्या दारावरून पुढे गेली, आई नारळ हातात घेऊन उभी होती. मारहाण नाही, शिवी नाही. कुणी काही "केलंच" नाही. नाना, तुम्ही म्हणता ती बंधुता आमच्या गावात फार होती, सगळं गाव एका दिलाने वागलं.

शुक्रवार_पेठ
काय बोलणार यावर.

काळा_कोट
ताई, २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे आता, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिमगा_पौर्णिमा
माहितीय. २०१७ ला लागू झाला तेव्हा भाऊ तक्रार घेऊन गेला. "आपसात मिटवा" म्हणून परत पाठवला. मिटवायला म्हणजे गावकीला दंड भरून माफी मागायची. वडिलांनी मागितली शेवटी, माझं लग्न ठरत होतं.

काळा_कोट
यात एक जुनं दुखणंही आहे. मुंबई राज्याने १९४९ लाच बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदाच उडवला, की समाजातून काढणं हा पंथाचा धर्मस्वातंत्र्याचा भाग. एकटे सरन्यायाधीश सिन्हा म्हणाले की बाहेर काढलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेचं काय. म्हणजे रेघ, तुमच्या "व्यक्ती हा घटक" असलेल्या घटनेत जिंकला समूह. आता २०२३ ला तो प्रश्न ९ न्यायाधीशांकडे पाठवलाय.

तिरकस_रेघ
हे मला माहीत नव्हतं. च्यायला. ठीक आहे, घटनेने घटक धरला म्हणजे कोर्टाने धरलाच असं नाही, एवढं मागे घेतो. त्याच्या पुढे एक इंच नाही.

जास्वंद
धागा सोसायटीवर गेलाय तर माझं पण ऐका. आमचं लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. त्यात ३० दिवस आधी नोटीस आणि ती ऑफिसात लावतात, दोघांची नावं, वय, पत्ता. कायदा १९५४ चा, हेतू असा की कुणाला हरकत असेल तर घ्यावी. आमच्या बाबतीत हरकत कायद्यात बसणारी कुणाकडेच नव्हती, पण आठव्या दिवशी कुणीतरी त्या फळ्याचा फोटो काढून माझ्या काकांना पाठवला. त्याच रात्री सहा माणसं घरी. मी पुढचे २२ दिवस मैत्रिणीकडे होते, पिशवीत दोन ड्रेस आणि आधार कार्ड. पत्रिका छापून हॉल घेऊन जे लग्न करतात त्यांना फळ्यावर कुणी चिकटवत नाही. अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर असावं, पण आमचा निबंधक म्हणे तो निकाल तिकडचा.

पेन्शनर_नाना
मुलींच्या सुरक्षेसाठी घरच्यांना कळायला हवं असं माझं मत होतं. आहे. आजकाल फसवणूक किती होते.

जास्वंद
काका, मी २९ वर्षांची होते. बँकेत कर्ज मंजूर करत होते लोकांची. फसवणूक ओळखायचा पगार घेत होते.

बॅचलर_३०३
नाना तुमच्या नोटीस बोर्डावर आत्ता काय लावलंय?

पेन्शनर_नाना
तुम्हाला प्रत्येक गोष्टीत मीच दिसतो. थकबाकीदारांची नावं. लिफ्टची वेळ. कुत्र्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये.

मिरजेचा_तंबोरा
कुत्र्याचं कुठल्या नियमात आहे? आमच्याकडे पण हेच चाललंय, माझा लॅब्राडॉर १२ वर्षांचा आहे, त्याला जिने चढवत नाहीत.

काळा_कोट
तंबोरा, कृपया नवीन धागा काढा.

शुक्रवार_पेठ
मूळ मुद्दा राहिला. महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक (कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं) २०२५ च्या जुलैमध्ये मंजूर झालं तेव्हा या ४३ अंगठेवाल्यांपैकी कुणी वाचलं का? सरकारचा हात आणि गावकीचा हात वेगळा असं नाना म्हणतात. मला तर वडिलांचं आठवतं, अटकेआधी त्यांची खबर गल्लीतल्याच माणसाने दिली होती. दिवाळीला आमच्याकडे चकल्या खाऊन गेलेला.

पेन्शनर_नाना
सकाळी राग आला होता म्हणून रात्री लिहितोय. शिमगाताईंचं वाचून झोप लागली नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. ती बंधुता नव्हे, मान्य. पण म्हणून शिस्त नकोच असं होत नाही. आज ऑफिसात जाऊन आमचा भाडेकरू फॉर्म काढून बघितला. त्यात "धर्म / जात" असा रकाना आहे. मी टाकलेला नाही, २००३ पासूनचा आहे, आणि पोलिसांच्या फॉर्मशी त्याचा संबंध नाही हेही आजच लक्षात आलं. एजीएमला ठराव आणून काढता येईल. बॅचलर लोकांबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

बॅचलर_३०३
ठराव कशाला? पेनाने खोडा की.

पेन्शनर_नाना
सोसायटीच्या कागदपत्रांत खाडाखोड चालत नाही.