सेल लोडवर, म्हणजे सेटमधून बोलताना तपासा
अल्कलाइन सेल १० वर्षं टिकतात म्हणून वॉकीटॉकीत तेच घालून ठेवा असं काही जण सांगतात. टिकतात, पण पाकिटात. सेटमध्ये महिनोन्महिने पडून राहिले की लीक होतात आणि ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंगवर साचून कॉन्टॅक्ट खाऊन टाकतं, त्यामुळे सेल सेटच्या बाहेरच ठेवा.

आणि मीटरवर १.५ व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, नुसतं ऐकायला करंट नावापुरता लागतो पण बोलायचं बटण दाबलं की तो कितीतरी पट वाढतो आणि अर्धवट उतरलेल्या अल्कलाइनचं व्होल्टेज तिथेच कोसळतं, मग तुम्हाला सगळं ऐकू येतं पण तुमचं कुणालाच नाही. मी रिकाम्या चॅनलवर फुल पॉवरने बोलताना बॅटरीची पट्टी किती खाली येते ते बघतो. कडाक्याच्या थंडीत मात्र रिचार्ज न होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलच घ्या, ते उणे ४० अंशांपर्यंत चालतात.