83 च्या टीमच्या सह्यांची बॅट घ्यावी का? सर्टिफिकेट आहे, तरी धाकधूक वाटतेय

ऋता_नेरूळ:
बाबा पुढच्या महिन्यात साठीचे होतायत. 83 ची क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल त्यांनी ठाण्यात चेंदणीला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितली होती. आपले 183 आणि वेस्ट इंडिजचे 140 हे आकडे अजूनही जेवताना कधीही निघतात. त्यामुळे मी आणि दादाने ठरवलं, द्यायचं तर असलंच काहीतरी द्यायचं.

वाशीत एक जण खेळाडूंच्या सह्यांच्या वस्तू विकतो. दुकान नाही, घरूनच धंदा, इन्स्टावर पेज आहे. त्याच्याकडे पूर्ण साइझची बॅट आहे, वर 83 च्या टीममधल्या 14 ही जणांच्या सह्या. आधी 1,10,000 म्हणाला, मी उठायला लागले तर 80,000 वर आला. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, कुठल्याशा इंग्रजी नावाच्या कंपनीचं, आणि बॅटच्या मागे चमकणारा होलोग्राम. त्यावरचा क्यूआर स्कॅन केला की वेबसाइट उघडते आणि हिरव्या अक्षरांत 'व्हेरिफाइड' येतं. तो म्हणतो, 2023 मध्ये विजयाला 40 वर्षं झाली तेव्हा एका खासगी कार्यक्रमात सगळ्यांनी एकाच बैठकीत सह्या केल्या.

बॅट हातात घेऊन बघितली. काळा मार्कर, सगळ्या सह्या स्वच्छ, एकाखाली एक, कुठे काही फासलेलं नाही. नेटवरच्या सह्यांशी ताडून बघितल्या, अगदी तंतोतंत जुळतात. तरी मन धजत नाहीये. उद्या संध्याकाळपर्यंत 20,000 टोकन द्या म्हणतोय. जाणकारांनी सांगा.

पामबीच_रायडर:
सर्टिफिकेट आहे, होलोग्राम आहे, ऑनलाइन व्हेरिफायही होतंय. अजून काय पाहिजे? आणखी थोडी घासाघीस करा आणि घेऊन टाका.

नौपाडाकर:
रायडर, तुमचा सल्ला विक्रेत्याला फार आवडेल.

ऋता, टोकन देऊ नकोस. आधी एवढंच सांग, बॅटवर यशपाल शर्माची सही आहे का?

ऋता_नेरूळ:
हो काका, आहे. किरमाणी आणि मदनलालच्या मधे. का?

नौपाडाकर:
यशपाल शर्मा 13 जुलै 2021 ला गेले. 2023 च्या कार्यक्रमाला ते आले असतील तर तो कार्यक्रम या लोकी झाला नसणार.

इथेच विषय संपतो खरा, पण तू बाकीचं जे लिहिलंयस त्यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मी एका सहकारी बँकेत क्लिअरिंगला होतो, उभी हयात सह्या ताडण्यात गेली. चेक आला की ट्रेमधून खातेदाराच्या सहीच्या नमुन्याचं स्पेसिमेन कार्ड काढायचं, शेजारी ठेवायचं, पास किंवा परत. तू म्हणतेस 'तंतोतंत जुळतात'. मला सगळ्यात जास्त संशय त्याच वाक्याचा आला. खऱ्या खातेदाराची सही कार्डाशी तंतोतंत कधीच जुळत नाही. कधी घाई असते, कधी काउंटर उंच पडतो, कधी पेनच धड नसतं. एखादं अक्षर आखडतं, शेपटी लांबते. वेग मात्र तोच राहतो. खोटी करणारा नमुना समोर ठेवून चितारतो, त्यामुळे आकार देखणा येतो आणि वेग मरतो.

भिंगाखाली हे दिसतं. सोनार वापरतात ते दहापट भिंग पुरे. चितारलेल्या सहीत रेघ जिथे सुरू होते तिथे शाई साचलेली असते. मधेच पेन उचलून पुन्हा टेकवल्याची गाठ दिसते, तीही अशा जागी जिथे खरा माणूस पेन उचलणारच नाही. वळणावर बारीक थरथर, शेवट बोथट. भरभर केलेल्या सहीत पेन टेकायच्या आधीच हात चालू झालेला असतो, म्हणून दोन्ही टोकं निमुळती. मार्करच्या जाड टोकात हे बरंचसं लपतं. असला माल बनवणाऱ्यांना मार्कर उगाच नाही आवडत.

आता याला एक उलटी बाजू आहे. थरथर दिसली की खोटी, असंही समजू नकोस. गावसकरांचा जन्म 1949 चा, बाकीचेही काही तरुण राहिलेले नाहीत. वयानुसार सही बदलते. बँकेत आम्ही म्हाताऱ्या खातेदारांकडून नवं कार्ड भरून घ्यायचो ते याचसाठी. तू नेटवर ज्या सह्यांशी ताडलंस त्या कुठल्या सालातल्या होत्या? 1983-84 मधल्या असतील आणि 2023 च्या म्हणवणाऱ्या सह्या त्यांच्याशी जुळत असतील, तर समज की कुणीतरी तेच नमुने समोर ठेवून बसलं होतं.

तिसरं, मांडणी. 14 जणांच्या हातातून फिरलेली बॅट इतकी शहाण्यासारखी भरत नाही. कुणी मोठी ऐसपैस सही करून ठेवतो, मग पुढच्याला तिरकी करावी लागते. कुणी बॅट उलटी धरून करतो. एखादी सही दुसरीवर चढते, निम्म्यात मार्कर सुकतो आणि दुसरा येतो, त्याची रेघ वेगळी दिसते. कप्तानाला बहुतेक वेळा बाकीचे मधली जागा सोडतात. इथे सगळं वहीत ओळी आखल्यासारखं आहे. एकाच हाताने 14 नावं काढली की तो हात कुठेतरी डोकावतोच: सगळीकडे दाब सारखा, सगळ्यांचा कल एकाच बाजूला. श्रीकांत आणि वेंगसरकर एकाच तिरकसपणाने लिहितात हे मला तरी पटायचं नाही.

कोपरखैरणे_कलेक्टर:
काकांनी सह्यांचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

तो क्यूआर कुठल्या वेबसाइटवर नेतो ते नीट बघा. बऱ्याचदा ती साइट विक्रेत्याचीच किंवा त्याच्या मित्राची असते. स्वतःच छापायचं, स्वतःच 'व्हेरिफाइड' म्हणायचं. साइट खरोखर मोठ्या कंपनीची असली तरी नंबर दुसऱ्याच वस्तूचा असू शकतो. खऱ्या बॅटवरचा नंबर फोटोतून उचलायचा आणि नकली होलोग्रामवर छापायचा. म्हणून नंबर टाकल्यावर तिथे फोटो येतो का आणि तो याच बॅटचा आहे का हे बघायचं. लाकडाच्या रेषा कुणाला नकलता येत नाहीत, दोन बॅटींच्या कधी सारख्या नसतात.

पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या अमेरिकेतल्या कंपन्यांची नावं ऐकली असतील. त्या दोन प्रकारची सर्टिफिकेटं देतात. एक, सही होताना आमचा माणूस समोर होता. दुसरं, वस्तू मागाहून आमच्याकडे आली आणि आमच्या मते सही खरी आहे. दुसऱ्या प्रकाराला लोक पुरावा समजतात, पण ते मत आहे. आणि आता नकली होलोग्राम इतके चांगले निघतात की जुलै 2025 मध्ये अमेरिकेत इंडियानात उघड झालेल्या प्रकरणात नावाजलेल्या कंपन्यांचे होलोग्रामच बनावट असल्याचं समोर आलं.

नौपाडाकर:
बरोबर. अमेरिकेत हे जुनंच आहे. नव्वदच्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांच्या धंद्याविरुद्ध 'ऑपरेशन बुलपेन' चालवलं, तेव्हा ग्रेग मरिनो नावाच्या माणसाच्या हातच्या बेसबॉलपटूंच्या सह्या ढिगाने निघाल्या. त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा होता! आणि त्यांच्या मालालाही रीतसर सर्टिफिकेटं मिळत होती. त्यानंतर 2001 मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची पद्धत सुरू केली. सही होताना त्यांचा माणूस हजर राहतो आणि होलोग्राम तिथल्या तिथे लागतो. आपल्याकडे वाशीच्या फ्लॅटमध्ये लॅमिनेशन मशिन असलं की काम भागतं.

कळवा_लोकल:
काका, विषय निघालाच आहे तर विचारतो. एका ओळखीच्यांकडे 1932 च्या पहिल्या टेस्ट टीमच्या सह्यांचा कागद आहे. सी. के. नायडू, अमर सिंग वगैरे. निळ्या शाईत. बघण्यासारखं काय?

नौपाडाकर:
शाई दौतीतली आहे की बॉलपेनची, ते आधी. बॉलपेन बाजारात आलं 1945 च्या सुमारास. नायडू 1967 पर्यंत होते, त्यांनी म्हातारपणी बॉलपेनने सही केली असेल तर नवल नाही. पण अमर सिंग 1940 मध्येच गेले. त्यांची सही बॉलपेनची निघाली तर कागद गुंडाळून परत द्यायचा. बॉलपेनची रेघ ओळखायला सोपी: कागदावर चर पडतो आणि वळणावर शाईचे बारीक ठिपके सुटतात. टाकाच्या रेघेत दाब पडला की निबचे दोन पाय फाकतात, रेघेच्या कडा गडद होतात.

मग नोटा तपासायचा यूव्ही दिवा घ्यायचा. अंधारात कागदावर धरला की हल्लीचा पांढरा कागद निळसर झळाळतो, कारण त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं. ते साधारण 1950 नंतर कागदात सर्रास आलं. 1932 चा कागद असा चमकला तर तो चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला समजा. चमकला नाही म्हणजे खरा, असं मात्र नाही. जुन्या वह्यांतली कोरी पानं रद्दीत मिळतात.

आणखी एक, छापील सह्या. पूर्वी टीमच्या सह्यांचे छापील कागद चाहत्यांना पाठवायचे, तेच आज खरे म्हणून फिरतात. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली किंवा शाई कागदात अजिबात मुरलेली दिसली नाही, तर छापील.

ऋता_नेरूळ:
काका, विक्रेत्याला यशपाल शर्मांचं विचारलं. आधी गप्प बसला. मग म्हणाला, 'त्यांची आधीच घेऊन ठेवली होती, बाकीच्या नंतर घेतल्या.' पण तीच शाई, तोच मार्कर आणि बरोबर दोघांच्या मधे जागा! वेबसाइटही बघितली. बॅटचा फोटोच नाही, आणि 'संपर्क'मध्ये त्याचाच मोबाइल नंबर. नको म्हणून कळवलं. दादा म्हणतोय तक्रार करूया.

कोपरखैरणे_कलेक्टर:
पैसे गेलेले नाहीत ते बरं झालं. गेले असते तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. तरी पेजचे, चॅटचे आणि सर्टिफिकेटचे स्क्रीनशॉट ठेवा. सायबर क्राइमच्या पोर्टलवर संशयास्पद म्हणून नोंदवता येतं. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे, जुनं 420 विसरा.

पामबीच_रायडर:
चला, मीपण शिकलो काहीतरी. पण मग साठीला द्यायचं काय?

नौपाडाकर:
14 सह्यांचा हट्ट सोडा. एक घ्या, पण डोळ्यांदेखत. वेंगसरकर, संदीप पाटील, बलविंदर संधू हे मुंबईकडून खेळलेले, क्रिकेटच्या कार्यक्रमांना येत असतात. माझं मत विचारशील तर संधू. फायनलला वेस्ट इंडिजच्या ग्रीनिजने सोडून दिलेला आणि थेट स्टंपवर गेलेला त्याचा तो चेंडू बाबांना आजही पाठ असणार. बाबांनाच घेऊन जा, गुपित राहिलं नाही तरी चालेल. आधी विनंती करून वेळ विचारा, माणूस जेवत असताना पेन पुढे करू नका. सही करताना दादाने फोटो काढावा, चेहरा, हात आणि बॅट तिन्ही एका चौकटीत येतील असा. पुढेमागे कुणी शंका काढली तर त्या फोटोसमोर लॅमिनेट केलेला कागद टिकत नाही.

बॅट साधी घे, पुढच्या बाजूला स्टिकर नसलेली. हल्ली बॅटच्या तोंडावर पारदर्शक प्लास्टिकचा थर लावून देतात, तो दुकानातच काढून घे. त्यावर सही घेतली आणि चार वर्षांनी थर सुटला की सहीही गेली. मार्कर नवा घे, आधी जुन्या लाकडावर ओढून बघ शाई पसरते का. आणि घरी आणल्यावर बाल्कनीच्या समोरच्या भिंतीवर टांगू नका, नेरूळच्या दुपारच्या उन्हात मार्कर फिका पडतो. आतल्या खोलीतली भिंत बघा.