छायाचित्रकाराचे संकेतस्थळ: स्वस्त साधन नेमके कोणते?

मूळ धागा

स्वतःचे संकेतस्थळ उभारायला निघालेला छायाचित्रकार बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो 'सर्वांत स्वस्त काय पडेल?' हा, आणि त्याला मिळणारी उत्तरे महिन्याच्या भाड्याभोवतीच फिरतात. माझ्या मते भाडे हा या हिशेबातला सर्वांत सोपा आकडा आहे. साधनाची खरी किंमत कळते ती ते सोडून जाण्याची वेळ येते तेव्हा.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी, चौकटी ओढून जागेवर ठेवल्या की पान तयार होते अशा एका सेवेवर मी माझ्या छायाचित्रांचे दालन मांडले. एका संध्याकाळी काम उरकले आणि पान देखणेही झाले. पुढे त्या सेवेने आपल्या योजना बदलल्या, भाडे वाढले, म्हणून मी बिऱ्हाड हलवायचे ठरवले. निर्यात केलेल्या फाइलमध्ये पानांवरचा मजकूर आला, पण छायाचित्रांचा क्रम, त्यांच्या खालच्या ओळी आणि दालनांची रचना यांतले काहीच आले नाही. जवळजवळ तीनशे छायाचित्रांखालच्या ओळी मी पुन्हा टंकल्या. शिवाय संकेतस्थळाचा पत्ता त्या सेवेच्याच नावाखालचा असल्यामुळे जुन्या ग्राहकांकडे असलेला प्रत्येक दुवा एका दिवसात निकामी झाला.

म्हणून माझी शिफारस अशी की डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आपल्या नावावर नोंदवावे, साधे सामायिक होस्टिंग (इतरांसोबत वाटून घेतलेली सर्व्हरवरची जागा) घ्यावे आणि त्यावर वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवणारी प्रणाली बसवावी. वर्डप्रेस २००३ पासून मुक्तस्रोत आहे, म्हणजे ते कोणालाही मोफत घेऊन कुठेही बसवता येते, त्यामुळे एका होस्टिंगवरून दुसरीकडे जाताना सगळा संसार सोबत नेता येतो. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून मोफत मिळते, आणि छायाचित्रांवरच्या संस्कारांसाठी डार्कटेबल व गिम्प ही मोफत साधने पुरेशी आहेत. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी कृपया कारणांसह लिहावे.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. वर्डप्रेस फुकट मिळते, पण ते सांभाळणे फुकट होत नाही. मूळ प्रणाली, थीम (पानांचे रूप ठरवणारा साचा), दालनाचे प्लगइन (जास्तीची सोय देणारी जोडणी), बॅकअपचे प्लगइन या प्रत्येकाचे अद्ययावतीकरण वेळच्या वेळी करावे लागते, आणि एखादे जुने प्लगइन तसेच राहिले तर त्याच फटीतून घुसखोरी होते. ज्या छायाचित्रकाराचे हंगामातले सगळे दिवस चित्रणात आणि रात्री निवड करण्यात जातात, त्याने हे सर्व कधी करावे? हा वेळ हिशेबात धरला तर तयार सेवेचे भाडे महाग वाटत नाही. जे अडोबीच्या छायाचित्रण योजनेचे पैसे आधीच भरत आहेत त्यांना तर त्यातच 'पोर्टफोलिओ' ही संकेतस्थळाची सोय मिळते, तरीही अनेक जण वेगळे होस्टिंग विकत घेतात.

आता तुमच्या तीनशे ओळींविषयी. तुमचे दुःख समजते, पण तो दोष त्या साधनाचा जितका होता तितकाच तुमच्या पद्धतीचाही होता, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. मथळे आणि ओळी सेवेच्या चौकटीत टंकण्याऐवजी छायाचित्राच्या फाइलमध्येच, आयपीटीसी नोंदींमध्ये (मथळा, ओळी वगैरेंसाठी फाइलमध्येच असलेल्या ठरावीक रकान्यांत) लिहिल्या असत्या, तर त्या फाइलबरोबर कुठेही गेल्या असत्या. तुमचे लाडके वर्डप्रेससुद्धा छायाचित्र चढवताना त्या नोंदी वाचते. आणि स्वतःचे डोमेन तयार सेवेच्या सशुल्क योजनेलाही जोडता येते.

धागाकर्ता

डोमेन तयार सेवेलाही जोडता येते हे खरे, आणि आयपीटीसीचा मुद्दा तर मी निमूटपणे मान्य करतो. त्या वेळी मला तो सुचला नव्हता. तरीही दालनांची रचना आणि छायाचित्रांचा क्रम फाइलमध्ये लिहून ठेवता येत नाही, आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने क्रम म्हणजे अर्धे संपादन असते.

प्रतिसाद २

आपण दोघेही एका दालनातल्या पंचवीस-तीस छायाचित्रांसाठी डेटाबेस (पानांचा मजकूर ज्यात साठवला जातो तो सर्व्हरवरचा माहितीसाठा) पोसायला निघाला आहात. दालन रोज बदलत नसेल तर स्थिर, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली पानेच योग्य ठरतात. ह्यूगोसारख्या मोफत साधनाने पाने आपल्या संगणकावर तयार करावीत आणि गिटहब पेजेस या मोफत सेवेवर ठेवावीत. तिथे प्रकाशित संकेतस्थळाला १ जीबीची मर्यादा आहे, आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची सैल मर्यादा आहे. एक छायाचित्र अर्ध्या एमबीचे धरले तरी १ जीबीत दोन हजार छायाचित्रे मावतात, आणि इतकी छायाचित्रे दालनात ठेवणाऱ्याला साधनाची नव्हे, कात्रीची गरज आहे. सर्व्हरवर काही चालतच नसल्यामुळे घुसखोरीची चिंता जवळजवळ उरत नाही. राहता राहिला क्रम. तो एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे धागाकर्त्यांची शेवटची तक्रारही मिटते.

प्रतिसाद ३

वरील सल्ला ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टंकायची सवय आहे त्यांच्यासाठी उत्तम आहे. इतरांना मात्र एक छायाचित्र बदलण्यासाठी गिट (फाइलींतले बदल नोंदवून गिटहबवर पाठवणारे साधन) शिकावे लागेल, आणि ते शिकणे लांबणीवर टाकता टाकता दालन दोन वर्षे जुनेच राहील. ज्या साधनाला हात लावायची भीती वाटते ते कितीही स्वस्त असले तरी उपयोगाचे नाही. शिवाय गिटहब पेजेस ही सेवा ऑनलाइन दुकान चालवण्यासाठी नाही, हे तिच्या अटींतच स्पष्ट आहे. मुद्रित प्रती विकायच्या असतील तर हा मार्ग तिथेच संपतो.

दुसरे असे की मोफत जागेवर फार विसंबू नये. फ्लिकर या छायाचित्रे ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१३ साली प्रत्येकाला १ टेराबाइट जागा मोफत दिली होती. २०१८ मध्ये मालकी स्मगमग या कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षी मोफत खात्यांना १००० छायाचित्रांची मर्यादा जाहीर झाली. नव्या मालकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण जागेचे पैसे शेवटी कोणीतरी भरतच असते. पण ज्यांनी ते आपले कायमचे घर मानले होते त्यांची धावपळ झाली.

प्रतिसाद ४

साधनावरून इतका वाद चालू आहे, पण छायाचित्राच्या वजनाचा विषय दुसऱ्या प्रतिसादात ओझरताच आला. माझ्या मते स्वस्त-महाग तिथेच ठरते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे छायाचित्र निघते आणि त्याची चांगल्या दर्जाची जेपेग फाइल सहज १० एमबीची होते. अशी चाळीस छायाचित्रे तशीच चढवली तर ४०० एमबी झाले. तीच छायाचित्रे लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवून आणि दर्जा ८०च्या आसपास ठेवून निर्यात केली, तर प्रत्येकी साधारण अर्धा एमबी, म्हणजे एकूण २० एमबी होतात. पहिल्या प्रकारात पाहणाऱ्याच्या मोबाइलवर नुसती पांढरी चौकट दिसत राहते आणि तो निघून जातो. मग छायाचित्रकार 'होस्टिंग संथ आहे' असे म्हणून महागडी योजना घेतो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक सूचना. २०१९ च्या ५.३ या आवृत्तीपासून ते २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या छायाचित्राची लहान प्रत आपोआप तयार करते, म्हणून अनेक जण निर्धास्त असतात; पण मूळ मोठी फाइलही सर्व्हरवर तशीच राहते, आणि जागा नेमकी तीच खाते. म्हणून चढवण्याआधीच लहान करावे.

निर्यात करताना रंगावकाश (रंगांची मोजपट्टी) एसआरजीबी, म्हणजे वेबवर सर्वसाधारणपणे चालणारा, ठेवावा. अडोबी आरजीबी या अधिक रंगांच्या रंगावकाशातले छायाचित्र प्रोफाइल (रंगावकाश कोणता हे सांगणारी नोंद) न जोडता चढवले, तर ब्राउझर ते एसआरजीबीच समजतो आणि मावळतीचा केशरी रंग धुतल्यासारखा फिका दिसतो. तसेच छायाचित्रातली जीपीएस नोंद काढून टाकावी, विशेषतः ते ग्राहकाच्या घरी काढलेले असेल तर. मथळा व स्वामित्वाची नोंद मात्र राहू द्यावी. डार्कटेबलमध्ये कोणती नोंद ठेवायची हे निर्यातीच्या वेळी निवडता येते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

सगळ्यांनाच २०४८ सांगणे बरोबर नाही. निसर्गचित्रांच्या मोठ्या प्रती विकणाऱ्याच्या ग्राहकाला बारकावे पाहायचे असतात, आणि दाट पिक्सेलच्या मोठ्या पडद्यावर तेवढी रुंदी अपुरी वाटते. चांगली तयार सेवा पडद्यानुसार वेगवेगळ्या आकाराच्या प्रती स्वतःच पाठवते.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

तसे वर्डप्रेसही २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून करते. मोठ्या प्रती विकणाऱ्याबाबत मात्र आपले म्हणणे मान्य आहे. त्याने दोन-चार निवडक चित्रे मोठी ठेवावीत, सगळे दालन नव्हे.

प्रतिसाद ५

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे. माझी शंका साधी आहे. संकेतस्थळ पाहून आलेला माणूस छायाचित्रकाराशी संपर्क कसा साधणार? स्थिर पानांवर संपर्काचा अर्ज स्वीकारणारे काहीच नसते, त्यासाठी बाहेरची सेवा जोडावी लागते. स्वस्त होस्टिंगवरच्या वर्डप्रेसमध्ये अर्ज 'निरोप पोहोचला' असे सांगतो, पण सर्व्हरने पाठवलेला ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये जातो किंवा वाटेतच नाकारला जातो. तयार सेवांमध्ये ही व्यवस्था बहुधा नीट चालते, आणि मला विचाराल तर भाडे देण्याचे तेच सर्वांत पटणारे कारण आहे. माझ्याकडे दोन महिने एकही विचारणा आली नाही, तेव्हा मी माझ्या कामालाच बोल लावत बसलो होतो. होस्टिंगच्या मेल सर्व्हरऐवजी ईमेल खात्याच्या एसएमटीपीमधून (ईमेल पाठवण्याच्या अधिकृत मार्गाने) निरोप जाईल असे प्लगइन बसवल्यावर त्याच आठवड्यात दोन पत्रे आली.

धागाकर्ता

हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. आपला प्रतिसाद वाचून मी काल रात्री माझ्याच संकेतस्थळावरच्या अर्जातून मला निरोप पाठवला. पडद्यावर 'धन्यवाद, आपला निरोप पोहोचला आहे' असे उमटले. आज दुपारपर्यंत तो इनबॉक्समध्ये नाही, स्पॅममध्येही नाही.