डाइव्हमास्टरचे प्रशिक्षण: पोहण्यापलीकडचा भाग

उत्तम पोहणाऱ्याला बेटावर जाऊन डाइव्हमास्टर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये (सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्यात) इतरांना सोबत करणारा व्यावसायिक, होणे अवघड जात नाही, हे मत मला अर्धेच पटते. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमात ४०० मीटर पोहणे, १५ मिनिटे तरंगत राहणे आणि त्यातील शेवटची २ मिनिटे हात पाण्याबाहेर ठेवणे अशा कसोट्या आहेत खऱ्या. पण त्या सरावाने जमतात. खरा कस लागतो तो उपकरणांच्या अदलाबदलीत. पाण्याखाली एकाच रेग्युलेटरमधून (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणाऱ्या उपकरणातून) आळीपाळीने श्वास घेत दोघांनी मास्क, फिन्स, हवा भरून तरंगणे सांभाळणारे जॅकेट आणि सिलिंडर असा सगळा सरंजाम एकमेकांशी बदलायचा असतो, आणि जोडीदार गडबडला तरी आपण स्थिर राहतो की नाही, हेच तेथे कळते.

प्रवेशासाठी वय १८ पूर्ण, रेस्क्यू डायव्हरचे (संकटातल्या डायव्हरला वाचवण्याच्या प्रशिक्षणाचे) प्रमाणपत्र आणि किमान ४० नोंदलेल्या डाइव्ह लागतात. प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्या ६० व्हाव्या लागतात. (सिलिंडर वाहणे आणि उपकरणे गोड्या पाण्याने धुणे यांतही बराच वेळ जातो, हे बेटाच्या छायाचित्रांत दिसत नाही.) नवख्यांसोबत उतरल्यावर प्रवाळ न्याहाळणे बाजूलाच राहते, लक्ष ठेवावे लागते ते त्यांच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या प्रेशर गेजवर आणि बुडबुड्यांवर, कारण माणूस घाबरला की ते भराभर येऊ लागतात.